व्यवसाय प्रशिक्षणाच्या नियामकाविरुद्ध तक्रार: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी अर्जापासून अपिलापर्यंत

प्रशिक्षण संस्थेने फसवले तर कुठे जायचे हे बहुतेकांना ठाऊक असते. खरी अडचण येते ती ज्या कार्यालयाने संस्थेवर लक्ष ठेवायचे, त्याच कार्यालयाविषयी बोलायची वेळ आल्यावर. संलग्नतेची, म्हणजे संस्थेला अभ्यासक्रम चालवायच्या मान्यतेची, फाइल महिनोन्महिने हलत नाही, तपासणीला आलेले अधिकारी अहवालाची प्रत देत नाहीत, गुणपत्रकातले नाव दुरुस्त करायला तिसऱ्यांदा तेच कागद मागितले जातात. मुलाने संस्थेविरुद्ध गोपनीय तक्रार दिलेली असते आणि दुसऱ्या दिवशी संस्थाचालकच त्याला बोलावून जाब विचारतो.

अशी तक्रार लिहिताना एक गोष्ट सतत डोक्यात ठेवावी लागते. कागद मंत्रालयात टाका, पोर्टलवर टाका किंवा दिल्लीला पाठवा, तो फिरून ज्या टेबलाविषयी आहे त्याच टेबलावर ‘अभिप्रायासाठी’ येतो. त्यामुळे उत्तर लिहिणाऱ्याला पळवाट राहणार नाही, अशाच पद्धतीने तो लिहावा लागतो. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

नियामक नेमका कोण?

सर्वाधिक तक्रारी चुकीच्या दारात जातात आणि ‘आमच्या कार्यकक्षेत येत नाही’ या एका ओळीने बंद होतात. दार ओळखायचा सोपा उपाय म्हणजे प्रमाणपत्राचा किंवा मान्यतापत्राचा माथा वाचणे.

आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र असेल तर अभ्यासक्रम, संलग्नता आणि परीक्षा हा केंद्राच्या प्रशिक्षण महानिदेशालयाचा विषय आहे. प्रवेश, शासकीय आयटीआयचा कारभार आणि खासगी आयटीआयवरची राज्याची देखरेख ही राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे असते. संचालनालयाची उतरंड अशी: ठाण्यातले जिल्हा कार्यालय, त्यावर मुंबई प्रादेशिक कार्यालयाचे सहसंचालक, त्यावर मुंबईत सीएसएमटीजवळ महापालिका मार्गावर बसणारे संचालक, आणि सर्वांत वर मंत्रालयातला कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग.

सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षांचे राज्य मंडळाचे प्रमाणपत्र असेल तर वांद्रे पूर्वेला खेरवाडीत असलेले महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ. जुन्या प्रमाणपत्रांवर ‘महाराष्ट्र राज्य व्यवसाय शिक्षण परीक्षा मंडळ’ असे नाव असते. कारभार त्याच मंडळाकडे आलेला आहे, त्यामुळे नाव बदलले म्हणून गोंधळू नका.

सेक्टर स्किल कौन्सिल (एकेका उद्योगक्षेत्रासाठीची कौशल्य परिषद) किंवा तशाच एखाद्या संस्थेचे प्रमाणपत्र असेल तर त्या संस्थेला मान्यता देणारी व तिच्यावर नियंत्रण ठेवणारी परिषद म्हणजे एनसीव्हीईटी, अर्थात राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद. तिची अधिसूचना ५ डिसेंबर २०१८ रोजी निघाली आणि प्रत्यक्ष काम १ ऑगस्ट २०२० पासून सुरू झाले. ही परिषद स्वतः विद्यार्थ्याला प्रमाणपत्र देत नाही. म्हणून नाव चुकले, निकाल अडला अशी तक्रार थेट तिच्याकडे नेली तर ती आधी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडेच परत जाते. त्या संस्थेचे लेखी उत्तर, किंवा उत्तर न आल्याचा पुरावा, हाती असेल तरच परिषदेने काय केले वा केले नाही याविषयी तक्रार उभी राहते.

निर्णय, विलंब की वागणूक?

अर्ज लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटतो, ते निर्णयच देत नाहीत, की ते ज्या रीतीने वागले ती रीत चुकीची आहे?

निर्णय चुकीचा असेल तर त्यावर अपील किंवा फेरविचार अर्ज असतो. त्याची मुदत बहुधा आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलेली असते. ‘संलग्नता नाकारली, हा अन्याय आहे’ अशी तक्रार वर्तनाची म्हणून दाखल केली तर ती फेटाळली जाते, आणि मधल्या काळात अपिलाची मुदत निघून जाते. हे नुकसान भरून येत नाही. म्हणून आदेश हातात पडला की आधी अपील, मग बाकी सगळे.

विलंब असेल तर दोन कायदे उपयोगी पडतात. २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. तातडीच्या फाइलला साधारण चार दिवस. हा कायदा राज्याच्या कार्यालयांना लागू आहे, दिल्लीतल्या परिषदेला नाही. दुसरा, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. यात तुमची सेवा अधिसूचित आहे का ते कार्यालयाच्या दर्शनी फलकावर किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर पाहा. असेल तर मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपील अधिकारी यांची पदनामे तिथेच मिळतात. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिले अपील, त्यावर समाधान नाही तर पुढच्या ३० दिवसांत दुसरे, आणि तिसरे सेवा हक्क आयोगाकडे ६० दिवसांत. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. रक्कम लहान वाटते, पण खिशाला लागलेली शास्ती लेखी राहते, म्हणून अपिलाची नोटीस आली की फाइल हलते.

उरलेली वागणूक: अर्ज आवक करून घ्यायला नकार, कारण न देता नाकारणे, नियमात नसलेले कागद मागणे, दोन सारख्या संस्थांना दोन न्याय, तक्रारदाराचे नाव फोडणे, हितसंबंध असलेल्या माणसाला तपासणीला पाठवणे, अपमानास्पद बोलणे. तक्रार या शब्दाचा खरा विषय हा आहे. इथे पुरावा सर्वांत अवघड, म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

पुरावा घटनेच्या दिवशीच तयार होतो

तोंडी बोललेले सिद्ध करता येत नाही, ही तक्रार करणाऱ्यांची नेहमीची हतबलता. तिच्यावर एक साधा उपाय आहे. भेट किंवा फोन झाल्यावर त्याच दिवशी कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर चार ओळी पाठवा:

‘आज दि. १२ रोजी सकाळी ११.३० वाजता मी आपल्या कार्यालयात संलग्नता कक्षात आलो होतो. अर्ज आवक क्र. ... बाबत विचारले असता अग्निशमन ना हरकत पत्राची मूळ प्रत पुन्हा सादर करावी, असे मला सांगण्यात आले. सदर प्रत दि. ... रोजी सादर केलेली असून पोच सोबत जोडली आहे. माझ्या समजुतीत चूक असल्यास कृपया लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य सोडू नका. ते दुरुस्तीची संधी देते. उत्तर आले नाही तर तुमचे म्हणणे त्या दिवशीच्या नोंदीसह कागदावर राहते. असे तीन-चार ईमेल साठले की तक्रार आपोआप उभी राहते. या ईमेलमध्ये राग, आरोप, विशेषणे येऊ देऊ नका. तसे झाले की तीच नोंद तुमच्याविरुद्ध ‘तक्रारदार सतत उद्धट भाषा वापरतो’ म्हणून जोडली जाते.

बरोबर एक साधी वही ठेवा. रकाने चार पुरेत: तारीख, कोणाशी बोललो त्याचे पदनाम, काय झाले, कोणता कागद. नाव माहीत नसेल तर ‘दुसऱ्या मजल्यावरील परीक्षा शाखेतील लिपिक, दुपारची वेळ’ असे लिहा. अंदाजाने नाव टाकू नका. चुकीच्या माणसाचे नाव गेले की अख्खी तक्रार कोसळते.

तपासणीच्या वेळी भेट पुस्तिकेत पथकाची सही, वेळ आणि शेरा घ्या. शेरा लिहायला तयार नसतील तर तुम्हीच त्याच पानावर ‘पथक १०.४० वाजता आले, १२.१५ वाजता गेले, अहवालाची प्रत मागितली, दिली नाही’ असे लिहून उपस्थित दोन शिक्षकांच्या सह्या घ्या. छायाचित्र काढून त्याच दिवशी ईमेल करा.

अर्ज: दोन पाने, एक मागणी

अर्ज ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या एक पायरी वर द्या. जिल्हा कार्यालयाविषयी असेल तर सहसंचालकांकडे, सहसंचालकांविषयी असेल तर संचालकांकडे, संचालनालयाच्या किंवा मंडळाच्या प्रमुखाविषयी असेल तर विभागाच्या सचिवांकडे. एकदम मुख्यमंत्र्यांना आणि प्रत दहा जणांना, असे करू नका. दहाही जण इतरांवर सोडतात आणि कागद शेवटी तळाच्या लिपिकाकडे वर्ग होतो.

विषयाच्या ओळीतच तारीख, क्रमांक आणि दिवस यायला हवेत. ‘भ्रष्ट व मनमानी कारभाराबाबत’ असा विषय लिहू नका. असे लिहा: ‘मान्यता नूतनीकरण अर्ज, आवक क्र. ..., दि. २ जून, यावर ४ सप्टेंबरपर्यंत म्हणजे ९४ दिवस लेखी उत्तर न देण्याबाबत व दोनदा वेगवेगळी त्रुटी काढण्याबाबत’. ही ओळ वाचणाऱ्याला फाइल उघडावीच लागते.

मजकुराचे चार भाग पुरतात. मी काय मागितले होते. काय झाले, तारखेवार. कोणते कर्तव्य पाळले गेले नाही. आता मला काय हवे आहे. तिसऱ्या भागात कायद्याची कलमे ओतण्यापेक्षा कार्यालयाच्याच नागरिकांच्या सनदेतले (सेवा व मुदती जाहीर करणाऱ्या पत्रकातले) वाक्य उतरवा. स्वतःच लिहून दिलेली मुदत पाळली नाही, याला उत्तर देणे त्यांना सर्वांत अवघड जाते.

चौथ्या भागात लोक गडबडतात. ‘संबंधितांवर कडक कारवाई व्हावी’ ही मागणी म्हणून लिहिली की उत्तर येते, ‘संबंधितांना समज देण्यात आली आहे’, आणि तक्रार निकाली. तुमचे काम तिथेच अडलेले. म्हणून मागणी मोजता येईल अशी करा: ‘अर्जावर १५ दिवसांत कारणांसह लेखी निर्णय द्यावा’, ‘तपासणी अहवालाची प्रत द्यावी’, ‘पुढील तपासणी वेगळ्या अधिकाऱ्यांकडून करावी’. कारवाईची मागणी करायचीच असेल तर तिचा वेगळा अर्ज करा. एका अर्जात तीन विषय आले तर उत्तर सर्वांत सोप्या विषयाचे येते.

भाषेचा प्रश्न अनेकांना अडवतो, विशेषतः दिल्लीला लिहिताना. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा वापरता येते. मराठीत बिनदिक्कत लिहा. वेळ वाचवायचा असेल तर मागणीचा परिच्छेद तेवढा हिंदीत किंवा इंग्रजीत जोडा.

नाव गुप्त ठेवायचे असेल तर

निनावी अर्ज सहसा दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाईविना बंद होतो, कारण पडताळणीला माणूसच नसतो. त्याऐवजी सहीचा अर्ज द्या आणि पहिल्या परिच्छेदात ठळक लिहा: ‘तक्रारदाराचे नाव, पत्ता व ओळख पटेल असा तपशील संस्थेस कळवू नये, खुलासा मागवताना तक्रारीची प्रत न पाठवता मुद्दे पाठवावेत.’ नाव एका वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात जोडणे अधिक चांगले. तुकडीत तीनच मुली असतील तर ‘एका विद्यार्थिनीने’ एवढ्या उल्लेखानेही ओळख फुटते, तेव्हा मजकुरातून असे तपशील काढा.

एवढे करूनही नाव फुटले, तर तो नियामकाचा स्वतंत्र आणि गंभीर दोष आहे. त्याची नवी तक्रार करा. जुन्या तक्रारीत जोडू नका. संस्थेला गेलेल्या पत्राच्या जावक नोंदीची आणि सोबतच्या सहपत्रांची प्रत माहिती अधिकारात मागा. नाव कोणत्या टेबलावरून बाहेर गेले ते तिथे दिसते.

अर्ज देताना

दोन प्रती न्या. बारनिशीत (आवक-जावक कक्षात) एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसता शिक्का पुरत नाही. क्रमांक नसेल तर पुढे कागद सापडत नाही. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवा’ असे सांगितले तर ठेवू नका. आवक करून घेत नसतील तर वाद न घालता बाहेर या आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, म्हणून खिडकीवर नोंदणी व पोच यांची सुविधा वेगळी मागून घ्या. पाकिटावर विषय लिहा. ‘पाकीट मिळाले, आत कागद नव्हता’ हे उत्तर टळते.

तीस दिवसांनी एक स्मरणपत्र द्या. स्मरणपत्रात नवे मुद्दे घालायचे नाहीत. फक्त जुना आवक क्रमांक, तारीख आणि उत्तराची मागणी.

पोर्टल

राज्याच्या कार्यालयांसाठी ‘आपले सरकार’ तक्रार निवारण, केंद्राच्या परिषदेसाठी व महानिदेशालयासाठी केंद्र सरकारचे तक्रार पोर्टल सीपीग्राम्स. दोन्हीकडे २१ दिवसांचे लक्ष्य आहे. केंद्राने आधीचे ३० दिवस ऑगस्ट २०२४ मध्ये २१ वर आणले. सीपीग्राम्सवर कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालय निवडा आणि आतल्या यादीतून योग्य संस्था निवडा. यादीत घाई केली की तक्रार भलत्या राज्याच्या खात्यात पोचते.

‘आपली तक्रार संबंधित कार्यालयास पाठविण्यात आली आहे’ असे लिहून प्रकरण बंद झाले, तर ते उत्तर नव्हे. सीपीग्राम्सवर बंद झाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. अपिलात मूळ गाऱ्हाणे पुन्हा लिहू नका. ‘मी अमुक मागणी केली होती. उत्तरात त्या मागणीविषयी एकही वाक्य नाही’ एवढेच लिहा. पोर्टलवरच्या मजकुराला मर्यादा असते, म्हणून सहीचा अर्ज पीडीएफ करून जोडा आणि त्यावरचा आवक क्रमांक मजकुरात टाका. न्यायप्रविष्ट आणि माहिती अधिकाराची प्रकरणे इथे घेत नाहीत.

माहिती अधिकार: फाइलचा प्रवास मागा

माहिती अधिकाराने काम होत नाही, काम का अडले त्याचा कागद मिळतो. तक्रारीच्या बरोबरच हा अर्ज द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तक्रार फेटाळल्यावर दिला तर महिना-दीड महिना वाया जातो.

राज्याच्या कार्यालयाला अर्ज करताना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. केंद्रासाठीही शुल्क १० रुपये, मर्यादा ५०० शब्द. ‘का’ आणि ‘कसे’ विचारू नका, कारण खुलासा म्हणजे माहिती नव्हे, असे उत्तर मिळते. असे मागा:

‘१. माझा अर्ज आवक क्र. ..., दि. ..., कोणकोणत्या अधिकारी-कर्मचाऱ्यांकडे किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होता, त्यांच्या पदनामासह नोंद. २. सदर फाइलमधील टिपणी पृष्ठांच्या प्रती. ३. या सेवेसाठी विहित मुदत दर्शविणाऱ्या आदेशाची प्रत. ४. मूळ फाइलचे अवलोकन करू द्यावे.’

चौथा मुद्दा सोडू नका. प्रत्यक्ष फाइल पाहताना न मागितलेले कागदही दिसतात. पहिला तास निःशुल्क असतो. वही न्या, पृष्ठ क्रमांक उतरवा, मग नेमक्या त्याच पानांच्या प्रती मागा. अधिकाऱ्याची मालमत्ता, रजा, सेवापुस्तक असले वैयक्तिक तपशील मागितले तर नकार जवळजवळ ठरलेला, आणि त्या नकाराआड बाकीचीही माहिती अडते.

उत्तरपत्रिकेच्या तक्रारीत ९ ऑगस्ट २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी आहे. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क त्यात मान्य झाला. परीक्षा मंडळाच्या नियमात फेरतपासणी नाही म्हणून उत्तरपत्रिका दाखवायचेच नाकारता येत नाही.

३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. राज्यात त्याला २० रुपये, केंद्रात काही नाही. त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील. ठाणे, नवी मुंबईतल्या कार्यालयाचे दुसरे अपील सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनातल्या राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे जाते. कार्यालय मुंबईत असेल तर मुंबईच्या खंडपीठाकडे. तुम्ही राहता कुठे यावर ते ठरत नाही, आणि खारघर-ऐरोलीच्या लोकांची इथेच चूक होते.

पैसे मागितले तर

ही वेगळी वाट आहे आणि वर सांगितलेले सगळे बाजूला ठेवून आधी हिच्याकडे वळा. पैसे मागितल्याची लेखी तक्रार त्याच कार्यालयात दिली की समोरचा सावध होतो आणि सापळा लागत नाही. राज्याचा कर्मचारी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक लावा किंवा त्याच विभागाच्या ठाणे कार्यालयात जा. केंद्राचा कर्मचारी असेल तर सीबीआय. मागणी ‘चहापाणी’, ‘फाइलचा खर्च’, ‘पथकाच्या गाडीचे’ अशा कोणत्याही नावाने आली तरी ती मागणीच.

पैसे दबावाखाली देऊन झाले असतील तरी गप्प बसू नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भाग पाडून लाच घेतली गेली असेल आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर देणाऱ्याला शिक्षेतून संरक्षण आहे. आठव्या दिवशी ते उरत नाही.

तरीही हलले नाही तर

जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा दिवस, लोक विसरून जातात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयाचा विलंब असेल तर तिथे संबंधित अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावे लागते. धोरण, न्यायप्रविष्ट बाबी आणि माहिती अधिकाराची प्रकरणे मात्र तिथे नेऊ नका. विभागीय पातळीवरचा लोकशाही दिन कोकण भवनात, दुसऱ्या सोमवारी.

राज्याच्या अधिकाऱ्याच्या गैरकारभाराविषयी लोकआयुक्तांकडे जाता येते. १९७१ च्या कायद्यानुसार गाऱ्हाणे असेल तर संबंधित कृती कळल्यापासून १२ महिन्यांत आणि आरोप असेल तर ती कृती घडल्यापासून ३ वर्षांत, प्रतिज्ञापत्रासह. तिथे पहिला प्रश्न येतो तो ‘खात्याकडे दाद मागितली होती का?’ हाच. म्हणून आवक क्रमांकांचा गठ्ठा तारखेच्या क्रमाने, पृष्ठ क्रमांक टाकून जोडा.

मधल्या काळात फोन येतो: ‘तक्रार मागे घ्या, दोन दिवसांत काम करून देतो.’ आधी काम, मग कागद. आदेश हाती आल्यावर ‘माझ्या मागणीपुरती पूर्तता झाली आहे’ एवढे लिहून द्या. ‘गैरसमजातून तक्रार केली होती’ असे कधीही लिहून देऊ नका. पुढच्या वेळी तेच पत्र तुमच्यासमोर ठेवले जाते. तक्रारीचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवणेही टाळा. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या आरोपाला कायदा बदनामीतून वगळतो, गटावर फिरवलेल्या मजकुराला ते संरक्षण मिळेलच असे नाही.

शैक्षणिक वर्ष बुडत असेल, परीक्षेचा अर्ज भरायची तारीख जवळ असेल, तर यातल्या कोणत्याही मुदतीची वाट पाहू नका. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज (रिट याचिका) हाच उपाय उरतो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच दिवशी जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना ओळखपत्र, प्रवेशाची पावती, आवक शिक्का असलेली प्रत, पोर्टलचा नोंदणी क्रमांक आणि परीक्षेचे वेळापत्रक एवढे कागद बरोबर ठेवा. वकील पहिल्यांदा वेळापत्रकच मागतात.